जिना केवढ्याला पडला?

(चित्रपट-रसास्वाद शिबिरातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘नटांना बोलतं कसं करावं’. तिथे येतोच. पण वाटेत दिग्दर्शक लागतात आणि दिग्दर्शकांना बोलतं करावं लागत नाही, आवरावं लागतं. (हशा)

आपल्याकडची मुलाखत तुम्हाला पाठ आहे. ‘तुमच्या प्रवासाविषयी सांगा.’ मग ‘ही भूमिका तुमच्याकडे कशी आली?’ मग ‘सेटवरचा एखादा धमाल किस्सा?’ प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलच्या खोलीत दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावलेल्या असतात, प्रसिद्धीवाले मागे घड्याळ धरून उभे असतात आणि नट सकाळपासून प्रत्येकाला तेच सांगत असतो : मी ही भूमिका जगलो. अरे, जगलास म्हणजे नऊच्या शिफ्टला आल्यापासून नेमकं काय काय केलंस? हे विचारायचं राहून जातं. प्रेरणा विचारली की पोपटपंची मिळते, कारण तो प्रश्न त्यांना इतक्या वेळा विचारलेला असतो की उत्तर घासून गुळगुळीत झालेलं असतं. कृती विचारली की माणूस अडखळतो, आठवू लागतो. मुलाखत खरी तिथे सुरू होते. आज मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळी उदाहरणं.

उदाहरण माझं लाडकं आहे, तेव्हा जरा लांबेल. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकला लांबलचक मुलाखत मागणारं पत्र लिहिलं. त्रुफो तेव्हा तीस वर्षांचा, नावावर तीन चित्रपट. त्याचं दुखणं असं, की अमेरिकेतले समीक्षक हिचकॉकला निव्वळ करमणूक करणारा म्हणून सोडून देतात. ऑगस्टमध्ये, हिचकॉकच्या ६३व्या वाढदिवशी, हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत दोघं बसले ते आठवडाभर बोलत राहिले. त्रुफोचं इंग्रजी यथातथा, म्हणून सोबत हेलन स्कॉट दुभाषी. या बाईंकडे लक्ष द्या. वाक्य दोन भाषांतून जायचं, त्यामुळे उत्तर पचवायला त्रुफोला आयता अवकाश मिळायचा. आपले मुलाखतकार समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ‘वा!’ म्हणतात आणि त्या ‘वा’पाशी उत्तर मरतं. दुभाषी नसेल तर मनात पाचपर्यंत मोजा. मोलाची माहिती बहुधा त्या पाचात येते.

त्रुफोनं क्रम लावला तो मूकपटांपासून, एकेक चित्रपट घेत. आणि प्रश्न कसले? ‘सस्पिशन’मध्ये केरी ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो, त्या दुधावर स्पॉटलाइट टाकला होता का? हिचकॉक म्हणतो, नाही, ग्लासातच दिवा ठेवला होता. प्रेक्षकाची नजर त्या ग्लासावरून हलता कामा नये. ‘सायको’तला न्हाणीघरातला खून? सात दिवस चित्रीकरण, सत्तर वेळा कॅमेऱ्याची जागा बदलली आणि पडद्यावर पंचेचाळीस सेकंद.

आता जिना. ‘व्हर्टिगो’, १९५८. नायकाला उंचीची भीती. तो घंटाघराच्या जिन्यावरून खाली पाहतो आणि जिना खोल खोल ताणत जातो. यामागची प्रेरणा हिचकॉकनं दोन वाक्यांत उरकली : लंडनला अल्बर्ट हॉलमधल्या एका नाचाच्या समारंभात भरपूर प्यायलो होतो, सगळं आपल्यापासून लांब लांब जातंय असं वाटलं. (हशा) ‘रिबेका’त ते दाखवायचा प्रयत्न फसला. पुढे पंधरा वर्षं डोक्यात किडा. शेवटी उत्तर निघालं : कॅमेरा एका दिशेला सरकवायचा आणि त्याच वेळी झूम उलट दिशेला. मधली वस्तू तेवढीच राहते, मागचं अंतर ताणलं जातं. दोन्ही हालचालींचा वेग जुळला नाही तर मधली वस्तूही फुगते नाहीतर आक्रसते आणि युक्ती उघडी पडते.

पण खर्च? जिन्याच्या माथ्यावर कॅमेरा तोलून धरायला अवजड यंत्रणा लागणार, म्हणून पन्नास हजार डॉलर सांगितले गेले. हिचकॉक म्हणाला, या शॉटमध्ये माणूस आहे कुठे? ही नुसती नजर आहे. मग जिन्याची छोटी प्रतिकृती करा आणि आडवी पाडा. आडव्या जिन्यात कॅमेरा जमिनीवरून सरळ आत-बाहेर करता येतो. एकोणीस हजारांत काम झालं. प्रेरणा फुकट होती मंडळी, जिन्याला एकोणीस हजार पडले. अख्खी सर्जनप्रक्रिया या दोन आकड्यांच्या फरकात आहे आणि ‘तुम्हाला हे सुचलं कसं?’ या प्रश्नाला ती कधीच हाती लागली नसती.

अर्थात दिग्दर्शकाचं उत्तर अर्धंच असतं. या युक्तीचं श्रेय दुसऱ्या युनिटचा, म्हणजे मुख्य चमूपासून वेगळं चित्रण करणाऱ्या तुकडीचा, कॅमेरामन अर्मिन रॉबर्ट्स याला दिलं जातं. म्हणून दिग्दर्शकाला भेटण्याआधी संकलक, ध्वनिमुद्रक आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना हे, पाहणारा सहायक यांना भेटा. कोणता शॉट कितव्या टेकला ओके झाला हे त्या सहायकाच्या वहीत असतं. दिग्दर्शकाच्या आठवणीत फक्त ‘एका फटक्यात झालं’ असतं.

आणि हे सगळं साहेबांच्याच देशात घडतं असं समजू नका. शांतारामबापूंचा ‘कुंकू’, १९३७, पार्श्वसंगीताशिवाय आहे. दृश्यातलेच आवाज वापरलेत. ‘हे धाडस कसं केलंत?’ असं विचारलं की भाषण मिळतं. संवाद थांबल्यावर पडद्यावर शांतता भगभगीत वाटू नये म्हणून तिथे कुठला आवाज ठेवलात, असं विचारलं की एकेका दृश्याचा हिशेब द्यावा लागतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. (हशा) नट राहिलेत, तेव्हा भराभर.

नटाला चित्रपटाविषयी विचारू नका, दोन मिनिटांचं दृश्य दाखवून विचारा. जास्त दाखवलंत तर तो प्रेक्षक होतो आणि स्वतःवर खूश होत बसतो. आधी आवाज बंद ठेवा; आवाज असला की तो फक्त संवादांवर बोलतो, बंद केला की हातांवर आणि नजरेवर येतो. मग विचारा : कप कोणत्या शब्दावर उचललात? लांबच्या शॉटमध्ये एका शब्दावर आणि क्लोजअपमध्ये दुसऱ्यावर उचलला तर संकलकाला कट मारता येत नाही, त्यामुळे जाणत्या नटाला हे आठवतंच. फ्रेम छातीपर्यंत होती की कमरेपर्यंत, हे तुम्हाला सांगितलं होतं का? समोर नट उभा होता की सहायक वाक्यं वाचत होता? या दृश्याच्या आधीचं दृश्य तोवर चित्रित झालं होतं का? पुष्कळदा झालेलं नसतं आणि मग आधीचा राग त्यानं कुठून मोजून आणला, हे कळतं.

ब्रिटिश नट मायकेल केननं १९८७च्या बीबीसीवरच्या अभिनयाच्या वर्गात क्लोजअपचं गणित सांगितलं : समोरच्याच्या एकाच डोळ्यात पाहा, दोन्हींत पाहू गेलात तर बुबुळं इकडून तिकडे पळताना दिसतात, आणि पापणी लवली की माणूस दुबळा दिसतो. असं बोलणारा नट मिळाला तर पुढचे प्रश्न फेकून द्या.

भांडणाची जागा जरूर विचारा. ‘आय कन्फेस’च्या वेळी हिचकॉकनं नायक माँटगमरी क्लिफ्टला वर हॉटेलकडे पाहायला सांगितलं. क्लिफ्ट म्हणाला, माझं पात्र या क्षणी वर पाहीलच असं नाही. हिचकॉकला पुढचा कट हॉटेलवर हवा होता, त्याला ती नजर हवीच होती. नटाला कारण मनातलं हवं, दिग्दर्शकाला संकलनाच्या टेबलावरचं.

यंत्राचं शेवटी. पंखा आणि एसी बंद. कॉलर माइक रेशमी साडीवर, ओढणीखाली लावू नका, सळसळ पुढे काढता येत नाही. दुसरा रेकॉर्डर चालू ठेवा. खोलीची तीस सेकंद शांतता वेगळी घ्या, जोडकामाला लागते. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास धरा आणि उतरवताना ‘म्हणजे… नाही, थांबा’ खोडू नका. माणूस तिथे आठवत असतो. हिचकॉकच्या त्या मुलाखतीचं त्रुफोचं पुस्तक फ्रेंचमध्ये यायला १९६६ उजाडलं, तेव्हा संपादकानं शुक्रवारी मागितलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. प्रश्न असतील तर घेतो, पण प्रवासाविषयी विचारू नका.