फ्लॉरेन्समधला कोल्हापूरचा राजा

नमस्कार मंडळी! माझ्या मागे ही पांढरी-हिरवी-गुलाबी भिंत दिसतेय ना, ती फ्लॉरेन्सच्या ड्युओमोची, म्हणजे इथल्या मुख्य कॅथेड्रलची. आत्ता आजूबाजूला एवढे लोक सेल्फी काढतायत, त्यातल्या निम्म्यांना तरी वाटत असणार की ही पाचसातशे वर्षं जुनी आहे. नाहीये! कॅथेड्रलचं काम १२९६ ला सुरू झालं हे खरं, पण पुढची बाजू कधी धड पूर्णच झाली नाही, जी काही अर्धवट होती ती १५८७ मध्ये उतरवली आणि मग तीनशे वर्षं या एवढ्या मोठ्या चर्चला चेहराच नव्हता. आत्ताचा हा संगमरवरी थाट १८८७ ला पुरा झाला. आल्या आल्या तुमचा भ्रमनिरास करतोय कारण आज आपण फिरायचंय ते १८७० साल डोक्यात ठेवून. का ते शेवटी कळेलच, कोल्हापूरकरांनी तर व्हिडिओ मधेच सोडायचा नाही.

घुमट मात्र अस्सल जुना. चला वर, ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि तिकिटाची वेळ आधीच बुक करावी लागते. सुरुवातीला नेहमीचा गोल जिना, मग एका ठिकाणी अचानक भिंत तुमच्या अंगावर कलायला लागते, डोकं आपोआप एका बाजूला जातं, तेव्हा समजायचं की आपण घुमटाच्या पोटात शिरलो. कारण हे घुमट एक नाही, दोन आहेत, एकात एक, आणि आपण त्या दोघांच्या मधल्या बोळातून चढतोय. इथे जरा थांबा, मागच्या माणसाला सॉरी म्हणा आणि विटा बघा. आडव्या थरांत मधेमधे उभ्या विटा घातल्यात, माशाच्या काट्यासारखी नक्षी होते. पण ती शोभेसाठी नाही हां! घुमट जसजसा वर आत झुकत जातो तसतशी ओली वीट घसरणार, तिला या उभ्या विटा धरून ठेवतात. एरवी असा घुमट बांधायचा तर खालून लाकडाचा सांगाडा उभारावा लागतो, पण इथलं भोक जवळजवळ ४५ मीटर रुंद, एवढ्याला पुरेल इतकं लाकूड आणायचं कुठून? फिलिप्पो ब्रुनेलेस्की म्हणाला सांगाडाच नको. हा मूळचा सोनारकामात तयार झालेला माणूस, समोरच्या बॅप्टिस्ट्रीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या दरवाजांची स्पर्धा १४०१ मध्ये गिबेर्ती या शिल्पकाराकडून हरलेला, आणि १४२० ते १४३६ अशा सोळा वर्षांत चाळीस लाखांवर विटांचा हा डोंगर त्याने रचून दाखवला. हरलेल्या माणसाने असा हिशोब चुकता केलेला मला जाम आवडतो.

खाली उतरलात की कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला फरशीत एक गोल पांढरा संगमरवरी तुकडा शोधा. घुमटाच्या टोकावरचा सोनेरी गोळा १६०० च्या सुमारास वीज पडून खाली आला तो बरोब्बर इथे. लोक त्यावर उभे राहून आइस्क्रीम खातात.

पियाझ्झा देल्ला सिन्योरियाकडे जाऊ, पाच मिनिटांचं चालणं. मायकेलअँजेलोचा डेव्हिड इथे चौकात उभा दिसतो, पण ही कॉपी, १९१० पासूनची. खरा आता अकादेमिया गॅलरीत आहे, सव्वापाच मीटरच्या आसपास उंच. आता आपलं १८७० आठवा: तेव्हा खरा डेव्हिड इथेच या चौकात होता, १५०४ पासून ऊन-पाऊस खात, त्याला आत हलवला १८७३ मध्ये. म्हणजे त्या वर्षी इथे आलेल्याला ड्युओमो बिनचेहऱ्याचा दिसायचा आणि डेव्हिड फुकटात! शिवाय फ्लॉरेन्स तेव्हा चक्क इटलीची राजधानी होतं, १८६५ पासून, आणि नवे रस्ते करायला जुनी तटबंदी पाडायचं काम जोरात.

उफ्फिझी हे चित्रांचं मोठं म्युझियम आज नाही, त्याला वेगळा दिवस लागतो. पोन्ते वेक्यो पूल फक्त ओलांडू. इथे पूर्वी खाटीक बसायचे, वास सहन होईना म्हणून १५९३ मध्ये ग्रँड ड्यूकने त्यांना काढून सोनार बसवले, तेव्हापासून ही इथली गुजरी.

परत फिरून नदीकाठाने ओन्यिस्सांती चर्चला या. आत बोत्तिचेल्ली या चित्रकाराची कबर आहे, जमिनीत साधी गोल फरशी, आणि तिच्याजवळ लोक त्याला चिठ्ठ्या लिहून ठेवतात. मरून पाचशे वर्षं झाली तरी टपाल चालू.

याच चर्चच्या चौकातल्या एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० ला छत्रपती राजाराम महाराज वारले. कोल्हापूरचे, वय वीस. समुद्र ओलांडायचाच नाही असं मानायच्या काळात हा पोरसवदा राजा इंग्लंडला गेला, व्हिक्टोरिया राणीला भेटला, रोजची डायरी इंग्रजीत लिहिली आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून इथवर पोचला. बरोबर आपली माणसं होती पण घर किती लांब! तेव्हा इथे दहनाची पद्धतच नव्हती, खास परवानगी काढावी लागली. जागा निवडली ती दोन नद्यांच्या संगमावरची, अर्नो आणि मुन्योने. रात्री चिता पेटली, शहरातले लोक बघायला जमले. पंचगंगेच्या घाटाऐवजी हे. कोल्हापूरजवळचा प्रयाग चिखलीचा संगम बघितलेल्याला वेगळं सांगायला नको की संगमच का.

तिथे जायला कॅशीने नावाच्या बागेच्या पार पश्चिम टोकापर्यंत चालायचं, तीनेक किलोमीटर, वाटेत जॉगिंगवाले, कुत्रीवाले, कोणी टुरिस्ट नाही. माझा बूट चावत होता, तरी गेलो. झाडी संपते तिथे एकदम छत्री! खरी आपली छत्री, खांब, वर घुमट, आणि आत रंगवलेला अर्धपुतळा, फेटा, गळ्यात दागिने. १८७४ चं काम. पुतळा इंग्रज शिल्पकार फुलरचा, छत्री मेजर मँटची, तोच मँट ज्याने पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास काढला.

बाजूलाच १९७८ चा मोठा केबलचा पूल आहे, त्याचं नाव पोन्ते आल्लिंदियानो, इंडियन माणसापाशी असलेला पूल. ट्रॅफिकच्या बातम्यांत रोज हे नाव येतं. छत्रीजवळ बसलेल्या एका आजोबांना विचारलं, हा कोण? म्हणाले, "लिंदियानो." मी म्हटलं, कोल्हापूर. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, कोलापूर, कोलापूर, आणि कुत्र्याला हाक मारून निघाले.