मानमंदिराच्या तळघरात

श्रोतेहो, नमस्कार. ग्वाल्हेर म्हटले की आपल्या मराठी मनात आधी शिंद्यांची राजधानी उभी राहते आणि पाठोपाठ खयालगायकीचे घराणे. आज मी आपल्याला त्याच शहराच्या माथ्यावरच्या किल्ल्यात, मोगलांनी आपल्याच भाऊबंदांना कोंडण्यासाठी वापरलेल्या तुरुंगात नेणार आहे.

राजा मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे बांधलेला मानमंदिर महाल बाहेरून निळ्या-पिवळ्या फरशांनी नटलेला आहे. त्यांवर बदकांच्या रांगा आहेत, केळीची झाडे आहेत. त्याच्या पोटात मात्र दोन मजली तळघर आहे. हे मजले मुळात उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी होते आणि छतातल्या कड्यांना झोपाळे टांगत, असे सांगतात. बाबराने १५२८ मध्ये हा महाल पाहिला, तेव्हाही खालच्या अंधारात त्याला दिवा घेऊनच फिरावे लागले होते.

आज वाटाडे त्याच कड्यांकडे बोट दाखवून सांगतात की, औरंगजेबाने आपला धाकटा भाऊ मुरादबक्ष याला इथे लटकावले आणि त्याचा आत्मा अजून इथेच भटकतो. रात्री बायकांच्या किंकाळ्या येतात, असेही म्हणतात, आणि त्या १२३२ मध्ये इल्तुतमिशने किल्ला घेतला तेव्हा जोहार केलेल्या राजस्त्रियांच्या मानल्या जातात. या कथांमागचे भय मला खरे वाटते, पण येथे प्रत्यक्षात जे घडले ते त्यांहून भयंकर होते.

येथील खरे हत्यार होते पोस्त. अफूची बोंडे कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि तो काढा पहाटे कैद्यापुढे ठेवायचा. प्याला रिकामा होईपर्यंत त्याला अन्न द्यायचे नाही. त्याने शरीर वाळत जाई, बुद्धी मंद होई आणि रक्ताचा थेंबही न सांडता माणूस महिनोन्‌महिने मरत राही. औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याचा मुलगा सुलेमान शुकोह याला १६६१ मध्ये बेड्या घालून दरबारात उभे केले, तेव्हा त्याने चुलत्याकडे एकच मागणे मागितले: पोस्त पाजायचे असेल तर आताच ठार करा. फ्रेंच प्रवासी बर्निये त्या दरबारात हजर होता. औरंगजेबाने पोस्त न देण्याचे वचन दिले, पण ग्वाल्हेरीत सुलेमानला तेच पाजण्यात आले आणि १६६२ मध्ये, तिशीही न गाठता, तो गेला.

मुरादची हकीकत तर मनातून जात नाही. १६५८ मध्ये मथुरेजवळ त्याला दगाबाजीने पकडले. कैदेत त्याने आपली प्रेयसी सरसतीबाई हिला सोबत ठेवण्याची मुभा मिळवली होती. एका रात्री त्याच्या माणसांनी तटाला दोरशिडी लावली, सुटकेची वेळ आली आणि मुराद तिचा निरोप घ्यायला थांबला. तिने हंबरडा फोडला. पहारेकरी जागे झाले, मशाली पेटल्या आणि शिडी सापडली. पुढे त्याच्यावर अली नकी या दिवाणाच्या जुन्या खुनाचा आरोप ठेवला गेला आणि डिसेंबर १६६१ मध्ये त्याला तलवारीने मारण्यात आले.

म्हणूनच किल्ल्यावर रात्री एका बाईचा आक्रोश ऐकू येतो, असे कुणी सांगितले की मला आधी सरसतीबाई आठवते. मुरादला ग्वाल्हेरीतच पुरले आणि काही महिन्यांनी त्याच मातीत त्याचा पुतण्या सुलेमानही आला.