कोठाराच्या दारावरच्या रेघा

(दृश्य: सकाळ. गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं भातशेत, त्याच्या कडेला कौलारू इमारत.)

आज इथे कॉफी मिळते. पण आमच्या घरात या इमारतीला अजून कोठारच म्हणतात. भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, कोठार. माझे आजोबा त्या भाटकाराचे कूळ. सरदीचं, म्हणजे पावसाळी पीक कापून, मळून झालं की खंडाचं, म्हणजे जमीन कसण्याच्या मोबदल्यात द्यायचं भात डोक्यावर घेऊन ते इथे यायचे.

भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, दीड हात रुंद. चिरा खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की हत्याराने सहज तासता येतो. मग वाऱ्यावर तो घट्ट होत जातो. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात भात टिकवायचं, तर पहिली झुंज ओलीशी. म्हणून जोतं कंबरभर उंच. आत फळ्यांची जमीन, फळ्यांखाली वारा खेळायला पोकळी. खिडकी एकही नव्हती, वाशांखाली अरुंद झरोके तेवढे.

(दृश्य: जुनं दार. त्यावर चुन्याच्या रेघा.)

भात मोजायचं ते दारातच. माप कुडवाचं, 20 कुडव म्हणजे 1 खंडी. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन... आणि प्रत्येक खंडीला दारावर चुन्याची एक रेघ. कुडव काठोकाठ भरायचा की शिगोशीग, यावर दरवर्षी बोलाचाली व्हायची. आजोबा सांगत, त्या शिगेत आमची महिन्याभराची पेज जायची. त्यांच्या वेळी पिकाचा अर्धा वाटा या दारातून आत जात असे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1964 च्या कूळ कायद्याने खंडाला एक षष्ठांशाची मर्यादा घातली. पुढे 1976 मध्ये, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, त्याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि कसणारं कूळ हेच जमिनीचं मालक मानलं गेलं.

कोठार रिकामं पडलं ते असं. दारातल्या फलकावर 'काळाच्या ओघात ओस पडलेली वास्तू' असं लिहिलंय. मला ते पटत नाही. आमचं भात आमच्या घरात राहू लागलं, म्हणून हे कोठार ओस पडलं. फलकावर ही एक ओळ यायला हवी, एवढीच माझी मागणी आहे.

नंतर काही वर्षं इथे गवत भरलं, गुरं बांधली. कौलं फुटली. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि या रस्त्याला माणसांची वर्दळ आली. इमारत भाड्याने गेली. ज्यांनी ती घेतली त्यांनी काम मात्र मनापासून केलं. सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा दिला, कारण सिमेंटखाली चिऱ्यातली ओल कोंडते. वासे शक्य तेवढे जुनेच ठेवले. आणि दार रंगवलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

(दृश्य: आतून बाहेर. मोठ्या खिडकीच्या चौकटीत हिरवं शेत.)

ही खिडकी मात्र नवी, भिंत फोडून काढलेली. लोक तिच्याजवळची जागा मागून घेतात. समोर दिसतं ते शेत आमचं. कुळांच्या मालकीच्या झालेल्या अशा शेतजमिनी शेतीखेरीज कशालाही वापरता येत नाहीत, तसा 1991 चा कायदा आहे. पण कायद्याने शेत नांगरलं जात नाही. मजूर मिळत नाहीत, मोर आणि रानडुकरं पीक खातात, तरी माझा चुलतभाऊ दर पावसात ज्योती भात लावतो. त्याने एक वर्ष पडीक ठेवलं, तर या खिडकीतून रान दिसेल.

(दृश्य: दाराशी उभी म्हातारी.)

गेल्या महिन्यात आतेला इथे घेऊन आलो. लहानपणी ती आजोबांबरोबर यायची, पण उंबरठ्याच्या आत कधी गेली नव्हती. दारात ती थांबली. कॉफी देणाऱ्या मुलीला विचारलं, "भितर येवं गे बाय?"

मुलीने हात धरून आत नेलं. आते बसली नाही. मागे वळली, दाराशी गेली आणि बोट लावून रेघा मोजू लागली.

लाभ, दोन, तीन...