चार दारं, दोन खांब

(दृश्य: फाउंड्रीच्या शेडचा कोपरा. प्रायमर मारलेली, काचा नसलेली गाडी. कॅमेरा दोन दारांमधल्या खांबावर स्थिर.)

निवेदन:

हा खांब नीट बघा. पुढचं दार याच्यावर टांगलेलं आहे, मागचंही याच्यावरच. मागचं दार नेहमीसारखं उघडतं, पुढचं उलटं. गाडीच्या दोन बाजूंना असे दोन खांब, आणि चारही दारांचं वजन त्या दोघांवर. खांब उभे आहेत दाराखालच्या सिलवर. सिल म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. जीपची किंवा ट्रकची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खाली चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, उरतो. या गाडीला वेगळी चासीच नाही. अंगावरचा पत्रा हीच तिची हाडं. सिल कुजलं की खांब खचतो, आणि खांब खचला की चारही दारं एकदम रुसतात.

गाडी आहे १९५७ ची फियाट ११००. सगळा महाराष्ट्र जिला डुक्कर फियाट म्हणतो, ती.

(दृश्य: पुढच्या गोलसर नाकाचा जवळून शॉट.)

इटलीत हे मॉडेल १९५३ मध्ये आलं आणि १९५४ पासून आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागलं. कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ, डी सोटो अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. वालचंद १९५३ मध्ये गेले, म्हणजे ही फियाट त्यांनी कुर्ल्यात पाहिलीच नाही. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. पुढे हेच इंजिन कंपनीच्या प्रीमिअर पद्मिनी या गाडीत गेलं आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून या शतकातही धावत राहिलं. त्यामुळे इंजिनाचा बराचसा माल मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधला तर अजून मिळतो. बॉडीचा पत्रा मात्र कुठेच मिळत नाही. तो घडवावा लागतो.

आणि घडवायला जागा लागते. ही फिल्म खरं म्हणजे जागेचीच आहे. रिस्टोरेशनचे व्हिडिओ बघणाऱ्याला वाटतं, आधी पत्रा, मग इंजिन, मग रंग, असा क्रम गाडी ठरवत असेल. कोल्हापुरात या गाडीचा क्रम ठरवला वाटणीपत्राने, पंचगंगेने आणि उसाच्या हंगामाने.

(दृश्य: मंगळवार पेठेतली गल्ली. नवी अपार्टमेंट.)

गाडीचे मालक सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. अख्खी गल्ली त्यांना काका म्हणते, आपणही तेच म्हणू. गाडी त्यांच्या वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. मंगळवार पेठेतल्या वाड्यात मागे गोठा होता. म्हशी गेल्यावर तिथे गाडी आली आणि गाडी बंद पडल्यावर तिच्यावर गोणपाटं आली. निवृत्तीनंतर काकांनी ती सोडायला घेतली. इंजिन बाहेर, सीटा बाहेर, दारं बाहेर. नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी: ‘डायनामो’, ‘डावं पुढचं दार’, ‘रेडिएटर’. बँकेतला माणूस, व्हाउचर लावल्यासारखे डबे लावले होते.

जमिनीवरची रबरी मॅट उचलली तेव्हा खरी गाडी दिसली. कधीतरी कुणीतरी कुजलेल्या पत्र्यावर गॅल्व्हनाइझचा पत्रा पितळी वेल्डिंगने चिकटवलेला, त्यावर डांबर. वरून ठाकठीक, आतून चाळण. स्क्रू-ड्रायव्हर सिलमधून आरपार जात होता.

तेवढ्यात वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. तीन भावांच्या सह्या व्हायला बरीच वर्षं लागली होती. त्या झाल्यावर मात्र जागा महिन्याभरात रिकामी करायची होती. सुटी केलेली गाडी मूळ गाडीच्या तिप्पट जागा खाते, हे काकांना तेव्हा कळलं. भाड्याचा गाळा मिळाला तो शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ.

कोल्हापूरच्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही.

(दृश्य: भिंतीवरची पाण्याची रेघ. पार्श्वभूमीला पावसाचा आवाज.)

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धरतात. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत नदी थेट येत नाही. जयंती नाल्यातून उलटी येते, आणि आली की पहिली कुंभार गल्लीत. गणपती महिन्याभरावर आलेले, घराघरांत अर्धवट रंगवलेल्या मूर्ती. सगळे टेम्पो, सगळी माणसं मूर्ती हलवायला लागलेली. अशा वेळी कुणाला म्हणायचं, माझी मोटार उचला?

काका आणि त्यांचा पुतण्या, दोघांनी मिळून जमेल ते केलं. दारं माळ्यावर गेली. बॉडीखाली विटा रचून ती दोन फूट वर घेतली. डबे फळीवर. इंजिनाचा ब्लॉक मात्र तिथेच राहिला. ओतीव लोखंड, दोघांनी मिळून ते माळ्यावर चढवणं शक्यच नव्हतं. आणि नेमकं तेच काम नुकतं पूर्ण झालेलं: रीबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडे मोठे करून, नवे पिस्टन बसवून, क्रँक ग्राइंड करून आणलेला. तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला.

(काकांचा आवाज)
“प्लास्टिक कशाला गुंडाळलं, कुणास ठाऊक. पाणी आत गेलं ते बाहेर आलंच नाही. मोकळं ठेवलं असतं तर निदान वाहून तरी गेलं असतं.”

निवेदन:

पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं. त्यात मळीचा, तेलाचा, ड्रेनेजचा सगळा गाळ असतो, आणि तो पिठाइतका बारीक. क्रँकच्या बेअरिंगपर्यंत तेल नेणारी ब्लॉकमधली भोकं त्या गाळाने बंद झाली होती आणि गाळ आत वाळून घट्ट बसला होता. काकांनी सायकलचा स्पोक घेतला, टोकाला कापडाची चिंधी, रॉकेलमध्ये बुडवून आत-बाहेर, आत-बाहेर. चिंधी पांढरी निघेपर्यंत. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडलेले, पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे गोल काळा व्रण. आणखी बोअर करायला पुरेसा धातू उरला नव्हता.

चिठ्ठ्या तर विरघळूनच गेल्या. डबे सगळे शाबूत, आतले बोल्टही शाबूत, पण कोणता कुठला ते सांगणारं काही नाही. माझ्या मते या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं नुकसान तेच. फियाटचे आटे मेट्रिक, एकाच मापाचे बोल्ट जागोजागी, फक्त लांबी कमी-जास्त. एक बोल्ट सूतभर लांब लागला की पलीकडचा पत्रा फोडतो. पुढे प्रत्येक सांधा जुळवताना डबे ओतून बसावं लागलं.

अनेकांनी सल्ला दिला की ब्लॉक भंगारात द्या, पद्मिनीचं इंजिन टाका, सरळ बसेल. बसलंही असतं. काका आरसी बुकावरचा इंजिन नंबर सोडायला तयार नव्हते. तेव्हा तो हट्ट वाटला. पुढे २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आणला: नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. त्याची मुख्य अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका कारागिराने ब्लॉकमध्ये चार स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची नवी अस्तरं, ठोकल्या आणि बोअर पुन्हा कंपनीच्या मापावर, ६८ मिलिमीटरवर आणला. नंबर टिकला.

(दृश्य: गुऱ्हाळ. काहिलीतून वाफ. चुलाणात चिपाडं.)

पुरानंतर शाहूपुरीत थांबण्यात अर्थ नव्हता. करवीर तालुक्यात काकूंच्या माहेरचं गुऱ्हाळ आहे. उन्हाळा-पावसाळा ती जागा रिकामीच. गाडी तिथे गेली. ऐसपैस जागा, वीज, वर पक्कं छप्पर. पत्र्याच्या मिस्त्रींनी धडाक्यात काम सुरू केलं आणि दोन्ही बाजूंची कुजलेली सिलं कापून काढली.

इथे चूक काय झाली ते समजून घेण्यासारखं आहे. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून चौकट बांधून घ्यायची असते. शक्यतो दारं जागेवर टांगलेली ठेवायची. आणि एका वेळी एकच बाजू कापायची. मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. अँगल लावलेही होते, पण वेल्डिंगच्या नुसत्या ठिपक्याठिपक्यांच्या टाक्यांवर. महिनाभरात नवी सिलं बसतीलच, या हिशोबाने दोन्ही बाजू मोकळ्या केल्या.

ऊस मात्र हिशोबाने वागला नाही. पाहुण्यांनी गुऱ्हाळ लवकर लावायचं ठरवलं. एकदा चुलाण पेटलं की तिथे उघड्या पत्र्याचं काहीच ठेवता येत नाही. वाफ, चिपाडांचा धूर, आणि धुरासोबत उडणारी चिकट काजळी. आठवड्यात गाडी हलवा, असा निरोप आला. भाड्याची गाडी मिळेना, म्हणून बॉडी उसाच्या ट्रॉलीत चढली आणि ट्रॅक्टरमागे पाणंदीतून निघाली. पुरानंतरची पाणंद. टाके पहिल्या ओढ्यालाच सुटले असणार.

(दृश्य: दार लावण्याचा प्रयत्न. लॉक खाचेच्या खाली अडकतं.)

उद्यमनगरातल्या एका गाळ्यात पोचल्यावर दार टांगून बघितलं. लॉक खाचेच्या बोटभर खाली. दुसरं दार, तेच. चारही दारं खांबांसकट उतरली होती. मिस्त्री बराच वेळ गाडीभोवती फिरले आणि मग जे बोलले ते मला या सगळ्या शूटिंगमधलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटतं.

(मिस्त्रींचा आवाज)
“काका, गाडी वाकडी न्हाई, जागा वाकडी हाय. सपाट फरशी दावा, मग बोलूया.”

निवेदन:

उद्यमनगरातल्या त्या गाळ्याची फरशी पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरती केलेली. तशा फरशीवर सिल वेल्ड केलं असतं तर वाकडेपणा कायमचा पक्का झाला असता. मिस्त्रींनी काम करायला नकार दिला. मग लॉकडाऊन आलं, गाळे बंद झाले, आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. मोकळ्या पत्र्यावर एक अख्खा पावसाळा बसला, एवढं पुरे.

(दृश्य: गोकुळ शिरगाव एमआयडीसी. फाउंड्री. वितळलेलं लोखंड ओतलं जातंय.)

सपाट फरशी मिळाली ती पुतण्याच्या मित्राच्या फाउंड्रीत, गोकुळ शिरगावला. मशीन शॉपचा एक कोपरा, लेव्हल बघून केलेलं काँक्रीट, डोक्यावर चेन पुली. जुलै २०२१ मध्ये महापूर पुन्हा आला तेव्हा गाडी इथे उंचावर, कोरडी होती.

बॉडी सरळ करायला महागडं यंत्र वापरलेलं नाही. गाडीच्या पोटाखाली सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात ती भोकं कंपनीने मापात पाडलेली असतात. ती सहसा हलत नाहीत. मिस्त्रींनी प्रत्येक भोकातून ओळंबा सोडला, गवंड्याचा साधा ओळंबा, आणि फरशीवर जिथे टोक टेकलं तिथे खडूची खूण केली. मग दोघांनी टेप धरून तिरपी मापं घेतली. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे ती सारखी यायला हवीत. फरक १४ मिलिमीटर निघाला.

खांबाखाली सागवानी ठोकळा, त्याखाली बॉटल जॅक. दांडा अर्धा दाबायचा, थांबायचं, टेप लावायची, दार लावून बघायचं. पत्र्याला परत यायचं असतं, म्हणून थोडं जास्त उचलून सोडावं लागतं. एका दुपारी उजवं पुढचं दार खटकन लागलं. कुणी काही बोललं नाही, मिस्त्रींनी दार उघडून पुन्हा लावलं, आणि मग अजून एकदा. त्यानंतर १८ गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याची सिलं बसली. दारं टांगलेलीच ठेवून, एक बाजू पूर्ण झाल्यावर दुसरी.

फाउंड्रीत आल्याचा दुसरा फायदा म्हणजे ओतकाम. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा ओतीव पाइप, तडकलेला होता आणि बदली मिळत नव्हता. इथल्या मुलांनी उत्साहाने जुनाच मॅनिफोल्ड साच्यात दाबून नवा ओतला. दिसायला झकास, पण हेडवर ठेवला तर टोकाची भोकं जुळेनात. बिडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. फूटभर लांबीत तीन मिलिमीटर गेले. पॅटर्नवाले, म्हणजे साच्यासाठी नमुना घडवणारे, म्हणूनच वाढीव मापाची वेगळी पट्टी वापरतात, आणि हे त्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. रोज पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट ओतणारी माणसं, मोटारीच्या नादात तेवढंच विसरली. दुसरा मॅनिफोल्ड लाकडी पॅटर्न करून ओतला, तो बसला.

(दृश्य: गाडीचा पूर्ण शॉट. चारही दारं बंद. नंतर एकेक उघडलं जातं.)

आता बॉडी प्रायमरमध्ये आहे, इंजिन स्टँडवर फिरतं, ब्रेकच्या पायपा नव्या आहेत. रंग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक चढते आणि सगळं पुन्हा घासावं लागतं. पण फाउंड्रीत नवीन मशीन येतंय. त्याला नेमका हाच कोपरा हवाय.

म्हणून गाडी पुन्हा निघणार. रंगाचं गॅरेज ठरलं आहे, तिथवर ती चाकांवर, दारं बंद करून, सपाट प्लॅटफॉर्मच्या रिकव्हरी व्हॅनवरून जाईल. ही मिस्त्रींची अट. वायरिंग आणि आतली सजावट कुठे करायची, ते अजून ठरायचं आहे.

(काकांचा आवाज)
“गुऱ्हाळवाले पाव्हणे म्हणतात, यंदाचा हंगाम संपला की या परत. म्हटलं, येतो की. फक्त ट्रॉली पाठवू नका.”