टपोरे डोळे, मिचमिचे डोळे

(दृश्य: पंचवटी, नाशिक. जुन्या वाड्याची माडी. खिडकीशी टेबल, त्यावर कागद.)

निवेदन:

टेबलाशी बसलेली ॲनिमेटर कागदावर एक गोल काढते. गोलाच्या मधोमध आडवी रेघ. रेघेच्या खाली, एकमेकांपासून जरा लांब, दोन टपोरे डोळे. झाला पाच वर्षांचा मुलगा! मग खोडरबर फिरतं. आता डोळे वर रेघेवर येतात, निम्मे होतात, पापण्या जड होतात. गोल तोच, पण मुलाचा आजोबा झालेला.

नवजात बाळाचं नेत्रगोल पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतं, मोठ्या माणसाचं २४. डोळा वाढतो तो एवढाच. नाक आणि जबडा मात्र पुढे कितीतरी वाढत राहतात. म्हणून तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर आधी डोळेच भरतात. मोठं कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की आपल्याला माया दाटून येते, हे प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. पुढे १९७९ मध्ये जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी मिकी माउसची जुनी-नवी चित्रं मोजली. डोळे डोक्याच्या लांबीच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले होते. सुरुवातीचा व्रात्य उंदीर जसजसा गुणी होत गेला, तसतसा चेहऱ्याने लहान होत गेला.

पण मोठा डोळा म्हणजे लहान मूल, एवढंच धरून चाललं तर फसगत होते. आपल्या वणीच्या गडावर जा. सप्तशृंगीचे डोळे केवढे विशाल! तरी ते लेकराचे वाटत नाहीत; त्यांच्यासमोर आपणच लेकरू होतो. मुलाच्या चित्रात काळं बुबुळ डोळाभर पसरलेलं असतं. इथे बुबुळाभोवतीचा पांढरा भाग लख्ख दिसतो, आणि नजर थेट आपल्यावर येते.

(दृश्य: पुन्हा टेबल. नवा कागद.)

आता गोष्टीतली आजी काढायची आहे. डोळे बारीक केले, वय नीट जमलं. पण ही आजी खाष्ट दिसते आहे, नातवंडं हिच्या जवळ जाणार नाहीत. ॲनिमेटर डोळ्यांचं माप बदलत नाही. फक्त खालची पापणी केसभर वर उचलते आणि कोपऱ्यात दोन बारीक सुरकुत्या ओढते.

आजी हसली.