चार ऑगस्टला पॅक-ट्वेल्व्ह फुटली

हा कोरा करकरीत स्टँड बघा. ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस गावातलं, ओरेगन स्टेट कॉलेजचं हे रीझर स्टेडियम. जानेवारी 2022 मध्ये पश्चिमेकडची जुनी बाजू सुरुंग लावून पाडली, सोळा कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून नवी उभी केली, सप्टेंबर 2023 मध्ये लोक आत आले, आणि त्याच्या महिनाभर आधी ज्या लीगच्या भरवशावर हे सगळं बांधलं ती लीगच फुटली होती.

लीगचं नाव पॅक-ट्वेल्व्ह. इथून बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, अमेरिकेत कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल म्हणजे शनिवारी आख्खं गाव स्टेडियममध्ये, आणि कॉलेजं आपल्या भागातल्या कॉलेजांचा गट करतात त्याला कॉन्फरन्स म्हणतात. टीव्हीचे हक्क गट मिळून विकतो, पैसे वाटून घेतो. 1984 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या देशभरच्या संघटनेची, टीव्हीवरची मक्तेदारी मोडली आणि तेव्हापासून हा पैसा फुगतच गेला. पॅक-ट्वेल्व्ह हा गट 1915 सालचा, पोर्टलंडमध्ये चार कॉलेजांनी मिळून सुरू केलेला, त्या चारातलं एक हे ओरेगन स्टेट. दोन वर्षांनी वॉशिंग्टन स्टेट आलं.

माझ्या मते गाडी घसरली ती 2012 मध्ये. बिग टेन या दुसऱ्या गटाने फॉक्स या टीव्ही कंपनीला भागीदार घेऊन चॅनल काढलं होतं, पॅक-ट्वेल्व्हने ठरवलं की आपलं चॅनल शंभर टक्के आपलंच, आणि डायरेक्टीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीशी सौदा शेवटपर्यंत जमला नाही, म्हणजे लाखो घरांत ते चॅनल दिसलंच नाही. दुसरे गट पुढे निघून गेले. मग 30 जून 2022 ला यूएससी आणि यूसीएलए, लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं, आम्ही बिग टेनमध्ये चाललो म्हणाली. दीड महिन्यात बिग टेनचा नवा करार झाला, सात वर्षं, 700 कोटी डॉलरच्या वर.

लॉस एंजेलिस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या टीव्ही हक्कांना तेवढा भाव कोण देणार? वर्षभर बोलणी चालली, कोलोरॅडो वाट बघून निघून गेलं, शेवटी अ‍ॅपलची ऑफर आली, त्यात पक्की रक्कम कमी आणि बाकीचं किती लोक सबस्क्रिप्शन घेतात त्यावर. 4 ऑगस्ट 2023, शुक्रवार. सकाळी नऊ कॉलेजं होती. संध्याकाळपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन (नावात ‘स्टेट’ नसलेली, वेगळी कॉलेजं) बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्ह या आणखी एका गटात, उरली चार. एका दिवसात एकशे आठ वर्षांचं घर मोडलं. आणि ओरेगन-वॉशिंग्टन गेली ती सुरुवातीला अर्ध्या वाट्यावर, वर्षाला साधारण तीन कोटी डॉलर.

स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावरून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली, तीही सुरुवातीची सात वर्षं तीस टक्के वाट्यावर. बर्कलीचं नुकसान भरायला यूसीएलएने वर्षाला एक कोटी डॉलर द्यायचे असं, ही दोन्ही ज्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची आहेत त्याच्या रीजंट्सनी, म्हणजे कारभारी मंडळाने, ठरवलं. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा चार्टर विमानाने जातात, पण करार फुटबॉलसाठी झाला आणि त्याच्यामागे व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींनाही लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीच्या रटगर्सपर्यंत जवळजवळ चार हजार किलोमीटर जावं लागतं, आणि परत आल्यावर लेक्चर असतंच. मला हे अजिबात पटत नाही.

राहिली दोन. कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि गव्हाच्या टेकड्यांमधल्या पुलमन गावचं वॉशिंग्टन स्टेट. त्यांनी काय चूक केली होती? वर्षानुवर्षं वाट्याला आलेलं खेळत राहिली, त्यांची गावं लहान, टीव्हीवाल्यांना लहान गावं नको असतात, बस. पण ती रडत बसली नाहीत. पुलमनपासून पंचवीसेक किलोमीटरवर कोलफॅक्स नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या कोर्टात त्यांनी दावा लावला, की जाणाऱ्यांनी आमच्या तिजोरीवर मतदान का करायचं. न्यायाधीशांनी ऐकलं, राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही, कारभार दोघांकडे आला. 2024 च्या सीझनला सामनेच नव्हते, म्हणून माउंटन वेस्ट या दुसऱ्या गटाला 1.4 कोटी डॉलर देऊन सहा-सहा सामने घेतले. आता नवे सोबती मिळालेत, बॉईझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, गॉन्झागा वगैरे, 2026 पासून.

सप्टेंबर 2024 मध्ये सिएटलला अ‍ॅपल कप झाला, म्हणजे एकाच राज्यातल्या दोघांचा सामना, सोडून गेलेलं वॉशिंग्टन आणि मागे राहिलेलं वॉशिंग्टन स्टेट. शेवटचं मिनिट-सव्वा मिनिट, वॉशिंग्टन गोल लाइनपासून एका यार्डावर, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि पुलमनच्या पोरांनी तिथेच आडवं केलं. 24-19. लोक मैदानात धावत आले.

पुढच्या जूनमध्ये त्याच वॉशिंग्टन स्टेटने पैशाचं गणित बसेना म्हणून अ‍ॅथलेटिक्समधले फेक आणि उड्यांचे सगळे इव्हेंट बंद केले.