पाय खुर्चीवरच ठेवा

मागं आवाज यायलाय ना? बरं. तर विषय आहे घरच्या घरी क्लाइंबिंगची, म्हणजे कडे-भिंती चढायच्या खेळाची तयारी. मुंबई-पुण्याच्या पोरांना याची एवढी गरज नाही, तिकडं चढायच्या कृत्रिम वॉल आहेत, ऑफिस सुटलं की दोन तास चढून येतात आणि घरचा बोर्ड त्यांच्यासाठी वरचा खुराक. आपल्या लातूर-बीड-परभणीकडं पोरगं क्लाइंबिंग करायचं म्हणलं की आधी जागाच शोधत फिरतंय, मग मोबाईलवर व्हिडिओ बघून फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची खाचांची फळी मागवतंय, दाराच्या वर ठोकतंय आणि पहिल्याच दिवशी लटकतंय. दंडात ताकद असते, कबड्डी नाहीतर कुस्ती खेळलेलं असतं, म्हणून लटकता येतं सुद्धा, आणि लटकता येतं हाच खरा धोका आहे.

कारण काय, तर बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराच्या खाली हातात असतात, तिथून लांब टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, बोटापर्यंत येतात आणि त्यांना हाडाला धरून ठेवायला बारीक कडी असतात, त्यांना पुली म्हणतात. क्लाइंबिंगमध्ये जास्त करून दुखावते ती ए-टू नावाची पुली, बोटाच्या मुळाजवळची, आणि बहुतेक वेळा अनामिकेची. स्नायू काही आठवड्यांत वाढतात, टेंडन आणि पुलीला कित्येक महिने लागतात. म्हणजे दोन महिन्यांनी तुम्हाला वाटतं आपण लई भारी झालोत, आणि बोट आतून अजून जुनंच असतं.

म्हणून नव्या माणसानं सुरुवातीला पूर्ण वजन टाकायचंच नाही. पाय खुर्चीवर, नाहीतर छताला कप्पी लावून कमरेच्या बेल्टला उलट्या बाजूनं वजन बांधायचं, म्हणजे तेवढे किलो अंगावरचे कमी होतात. २० मिलिमीटर खोल पट्टी बोटांनी धरायची, दहा सेकंद धरायचं, दोन-तीन मिनिटं गप बसायचं, असं पाच-सहा वेळा, आठवड्यातून दोनदा आणि मधे निदान ४८ तास गॅप. एवढंच. हे ऐकून पोरं नाराज होतात, कामून तर घाम येत नाही म्हणून. घाम काढायचा असेल तर सपाट्या मारा, त्यानं खांदे पण नीट राहतील. आणि बोटं वाकवून अंगठा वरून दाबून केलेली पकड, म्हणजे फुल क्रिंप, बोर्डवर करू नका, हाफ क्रिंप करा, म्हणजे बोटं वाकलेली पण अंगठा मोकळा, नाहीतर बोटं उघडी ठेवून धरा. दुखलं की थांबायचं, मलम चोळून परत लटकायचं नाही.

आता ती आडव्या पट्ट्यांची शिडी, जिच्यावर पाय न लावता हातानंच उड्या मारत वर जातात, कॅम्पस बोर्ड. हा वोल्फगांग ग्युलिश नावाच्या जर्मन क्लाइंबरनं १९८८ मध्ये न्युरेंबर्गच्या जिममध्ये बनवला, आणि १९९१ मध्ये त्यानं आक्सिओन डिरेक्ट नावाचा रूट, म्हणजे कड्यावरची चढायची वाट, चढला, अवघडपणाच्या मापात जगातला पहिला नाइन-ए धरतात तो. म्हणजे हे यंत्र त्या काळच्या जगातल्या सगळ्यात तगड्या माणसानं स्वतःसाठी बनवलेलं, आणि आपण ते दहावीच्या पोराला देणार? वाढीच्या वयात बोटाच्या हाडाच्या टोकाला कूर्चा असते, तिथं ताण येऊन फ्रॅक्चर होतं. इथं आई-वडील बसलेत म्हणून मुद्दाम सांगतो, पोरगं बोटाचा मधला सांधा दुखतोय म्हणलं तर नाटक समजू नका, डॉक्टरला दाखवा.

फिंगरबोर्ड विकतच घ्यावा असं काही नाही, सुताराकडून सागवानी पट्टी करून घ्या, फक्त कड गोल करायला सांगा आणि पॉलिश पेपर मारून झाल्यावर त्याचा हात धरा, नाहीतर सवयीनं वॉर्निश लावून मोकळा होतो आणि मग सगळं घसरतं. टांगायचा तो स्लॅबच्या बीमला, अँकर फास्टनर टाकून. चार इंची विटांच्या भिंतीत गिट्टी-स्क्रू मारून माणूस लटकवायचा नसतो. माळवदाचं घर असेल तर तुळई मजबूत दिसते, पण आधी ठोकून बघा, वाळवीनं आतून पोकळ केलेली असती.

वर गच्चीत पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड लावणारे पण आहेत. एप्रिल-मे मध्ये तिथं दुपारी जायचं म्हणजे हाताला पाणी सुटतं, चामडी सोलते. पहाटे करा. हात कोरडा राहावा म्हणून लावतात तो चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, कॅरमची पावडर नव्हे, ती सोंगटी घसरावी म्हणून असते!

मल्लखांबाची पोरं विचारतात, सर आमची ग्रिप तर चांगली आहे. आहे की, खांदा, पोट, मांड्या सगळं एक नंबर, पण खांबाला पूर्ण तळवा आणि मांडीचा विळखा असतो, इथं बोटाचं एक पेर असतं. त्यांनी पण खुर्चीपासूनच सुरू करायचं.

आणि बोर्ड पाय शिकवत नाही, ही त्याची मोठी कमी. आपला दगड बेसाल्ट, कडे उभे, खाचा बारीक, त्यात कुठला दगड हातात निघून येईल सांगता येत नाही, तिथं पुलअप किती निघतात याला कोण विचारतंय, वजन पायावर ठेवता आलं पाहिजे. घरी आठ बाय चारचं १८ मिलिमीटर प्लाय टी-नट (पकडी बोल्टनं बसवायच्या चाकी) मारून उभं केलं तर पोरं लगेच मूनबोर्ड नावाच्या तयार सरावाच्या भिंतीसारखं ४० अंश झुकवायला बघतात. मी म्हणतो पहिलं वर्ष जवळजवळ उभंच ठेवा, पाय ठेवायचे छोटे फूटहोल्ड लावा आणि पाय ठेवताना आवाज होऊ न देता चढा-उतरा. खाली जाड फोम टाका, कापसाची जुनी गादी दबलेली असते. आणि हे सगळं करून देवगिरीच्या तासलेल्या कड्यावर हात साफ करायला जाऊ नका, ते संरक्षित स्मारक आहे.

असो. मागच्या खोलीत बोर्ड टांगलाय, ज्यांना बघायचंय त्यांनी या, अंगठ्या आधी काढून ठेवा, आणि खुर्ची तिथंच आहे, ती कोणी बाजूला सरकवू नका.